गोड्या पाण्याचा मासा

पित्याच्या एका शब्दाखातर पुत्राने काय करावं, याला आपल्याकडे मर्यादा म्हणून नाही. कुणी राज्य सोडून वनात गेलं, कुणी जन्मभर लग्न केलं नाही, कुणी आपलं तारुण्य काढून बापाच्या ओटीत घातलं. त्याच थोर परंपरेत, जानेवारीतल्या एका शनिवारी, ग्लासगोच्या उत्तरेला डोंगरात गोठलेल्या एका तळ्यावर मिलिंद उभा होता, आणि त्याच्या नाकाचं पाणी मिशीत उतरून तिथेच गोठलं होतं. ते काढायचं तर हातमोजा काढावा लागला असता. एवढा त्याग त्याच्याच्याने होईना.

शेजारी अनुप पहारीने बर्फाला भोक पाडत होता. अनुप मूळचा पुण्याचा, पेशाने स्ट्रक्चरल इंजिनिअर, स्वभावाने सल्लागार आणि आहाराने इतका शाकाहारी, की केकमध्ये अंड्याचा नुसता संशय आला तरी तो बेकरीवाल्याची उलटतपासणी घ्यायचा. मासा त्याने जवळून पाहिला होता तो डेंटिस्टच्या काचेच्या टाकीत. तरी मोहिमेची आखणी सगळी त्याचीच. आठवडाभर त्याने फिनलंडच्या आणि कॅनडाच्या लोकांचे व्हिडिओ पाहिले होते आणि आता या विषयात आपल्याला कोणी काही शिकवू शकेल असं त्याला वाटत नव्हतं.

"फिनलंडमध्ये पेन्शनर लोक करतात हे," पहार आपटत तो म्हणाला. "स्टुलावर बसून. एकेक म्हातारा बादली भरून घरी नेतो."

"मग आपण स्टूल का नाही आणलं?"

"आपण पेन्शनर आहोत का?"

 मिलिंदने मागे वळून पाहिलं. काठावर त्याची गाडी उभी होती, हीटर चालू, आणि पुढच्या सीटवर दोन ब्लँकेटं, एक माकडटोपी आणि त्यांच्या आत कुठेतरी बाबा.

बाबा भंडारा जिल्ह्यातले निवृत्त शिक्षक. तो मुलूख तलावांचा. शाळा सुटली की बाबा गळ घेऊन बांधावर जाऊन बसायचे आणि तिन्हीसांजेला एखादी मरळ नाहीतर वाम हातात लोंबकळवत घरी यायचे. समुद्र त्यांनी मोठेपणी पाहिला आणि तो त्यांना पटला नाही. पावसाळा संपता संपता मिलिंदची आई गेली. मिलिंद भंडाऱ्याला जाऊन पोचला, दिवसकार्य उरकलं आणि येताना बाबांना घेऊन आला, कारण जो भेटेल तो विचारत होता, "ते तिथे एकटे कसे राहतील?" ते ग्लासगोत कसे राहतील, हे कुणी विचारलं नव्हतं.

ग्लासगोत बाबा हळूहळू जेवायचे थांबले. भांडण नाही, तक्रार नाही. आधी पोळी सुटली, मग भात चार घासांवर आला, मग दोन, आणि आता सकाळचा चहा आणि त्यात बुडवलेलं एक बिस्किट. पायजम्याच्या नाडीची टोकं पूर्वी वीतभर लोंबायची, ती आता गुडघ्याकडे निघाली होती. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती ऐकली, पोटाचा फोटो काढला आणि सांगितलं की रिपोर्ट उत्तम आहेत, फक्त पेशंट जेवत नाही. सोमवारी पुन्हा वजन करू. आणखी उतरलं असलं तर हॉस्पिटलमध्ये ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. हे मिलिंदने बाबांना मराठीत समजावून सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मले तिथं नेऊ नको बा."

तेव्हापासून मिलिंदला झोप नव्हती.

उपाय सगळे झाले होते. मिलिंदची बायको नीना फार्मसिस्ट, मुंबईची, स्वयंपाकात कुणाला हार न जाणारी. तिने झुणका केला, वडाभात केला, फोनवर चुलत सासूला विचारून विदर्भातली पातोडी केली. बाबा ताटावर बसले की घरात एसएससीच्या पेपरसारखी शांतता पसरायची. मिलिंदची इथेच जन्मलेली मुलगी ईशिता फोन उपडा ठेवायची आणि म्हणायची, "आजोबा, एक घास खाल्ला ना, मग मी प्रॉमिस, होमवर्क करतो." बाबा हसायचे, घास कालवायचे, आणि पुन्हा कालवायचे.

मासेही झाले. सॅमन झाला, हॅडॉक झाला. "समुद्राचा," बाबा म्हणाले, आणि ताट इतक्या हलक्या हाताने सरकवलं की राग यावा तर कुणाचा, हेच कळेना. बांगलादेशी दुकानातून गोठवलेला रोहू आणला. बाबांनी तुकड्याला बोट लावलं आणि शिक्षकी आवाजात विचारलं, "हा कधी मेला?" दुकानदारालाही ते ठाऊक नव्हतं.

मग गेल्या रविवारी मिलिंद त्यांना गाडीतून फिरवायला घेऊन निघाला. याच तळ्याजवळून जाताना बाबांनी बाहीने काच पुसली आणि म्हणाले, "याच्यात मासे असतीन."

कित्येक दिवसांत बाबा आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य. मिलिंदने गाडी बाजूला घेतली आणि पुढच्या वाक्याची वाट पाहिली. ते काही आलं नाही. पण मिलिंदला तेवढं पुरलं. त्याच रात्री त्याने अनुपला फोन केला, आणि अनुप म्हणाला, "ऑब्व्हिअस आहे. काकांनी तुला रिक्वायरमेंट दिलीय."

तळं एका मेंढ्यांच्या फार्मच्या हद्दीत होतं. फार्मची मालकीण उंच, लाल गालांची बाई. सकाळी तिने दोघांना गमबुटांपासून टोपीपर्यंत पाहिलं.

"असं कधी केलंय तुम्ही?"

"आमच्याकडे बर्फ उसाच्या रसात घालतात," अनुप म्हणाला.

तिने परवानगी दिली. अट एकच, बर्फावर पाय ठेवायचा नाही, जे करायचं ते लाकडी धक्क्यावरून. आणि पर्च नावाचे छोटे मासे आहेत त्यात, हवे तेवढे न्या, मला वाटा नको, कारण तुम्हाला एकही मिळणार नाही. मग ती मेंढ्यांकडे निघून गेली.

"बर्फ तसा जाड दिसतोय," मिलिंद म्हणाला होता. "तू जाशील मध्यापर्यंत?"

"मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे."

"म्हणूनच विचारतोय."

"म्हणूनच नाही."

तर धक्क्याच्या टोकाशी भोक एकदाचं पडलं. परातीएवढं, काळं पाणी दिसणारं. पडलं आणि लगेच त्यावर साय धरायला लागली. फिनलंडचे लोक ती काढायला एक खास चाळणीसारखी पळी वापरतात. अनुपने नीनाचा पुऱ्या तळायचा झारा आणला होता. तो पाण्यात बुडवून, वरचा चुरा अलगद उचलून, झटकून, तो इतक्या मन लावून काम करत होता की आता पुरी वर येईल असं वाटावं.

पुरी आली नाही आणि मासाही आला नाही.

दोष आमिषाचा होता आणि आमिष अनुपच्या खात्यात होतं. बाबा नुकते आले होते तेव्हा, दिवाळीच्या फराळाला, त्यांनी त्याला सांगितलं होतं की हिंग घालून मळलेल्या कणकेला तलावातले मासे वेडे होतात. अनुपने ते लक्षात ठेवलं होतं. सगळ्या आमिषांत शाकाहारी असं हे एकच होतं. पहाटे उठून त्याने कणीक मळली, हिंग सढळ घातला, वर थोडं तूपही लावलं. "माशाला नाही, हाताला," तो म्हणाला. भंडाऱ्याच्या उन्हात ती कणीक मऊ राहत असेल. इथे गळाला लावलेली गोळी धक्क्यावर पडली तेव्हा टण्णकन वाजली.

"गांडूळ शोधू," मिलिंद म्हणाला.

दोघे काठावर गेले. अनुपने पहार उचलून जमिनीत मारली. पहार परत आली. स्कॉटलंडची जमीन त्या दिवशी कुणालाच आत घेत नव्हती, आणि कुणाला बाहेरही सोडत नव्हती.

मग पुन्हा धक्का. पुन्हा झारा. पुन्हा दोरी खाली, दोरी वर, गळाला तीच दगडी गोळी. उजेड उतरणीला लागला. जानेवारीत तिथे दुपार अशी नसतेच, सकाळीला लागूनच संध्याकाळ येते. डोंगराची सावली तळ्यावर सरकत आली आणि मिलिंदच्या पायांतली बोटं एकेक करून नाहीशी झाली. असतील बुटात, पण त्यांच्याकडून काही कळत नव्हतं.

"सोमवारी नळी घालतील रे," तो म्हणाला.

अनुपने झाऱ्यातला चुरा धक्क्यावर झटकला.  

"आणि ते काही बोलणार नाहीत," मिलिंद म्हणत गेला. "घालू देतील. त्यांना वाटेल मुलगा म्हणतोय तर असेल बरोबर. मी विमानात बसवलं तेव्हाही असेच बसले. खिडकीची सीट दिली होती मी त्यांना. सगळ्या प्रवासात एकदा बाहेर नाही पाहिलं. मी विचारलं, बाबा, काही हवंय? तर म्हणाले, तुले झोप आली असन, झोप तू." त्याचा आवाज फाटला. "मी तिथेच ठेवायला हवं होतं त्यांना. बांधावर बसले असते. उपाशी तर उपाशी, पण आपल्या तलावाजवळ."

"रडू नकोस," अनुप म्हणाला. "पापण्या चिकटतील."

हे त्याने थट्टेने म्हटलं नव्हतं. व्हिडिओत पाहिलं होतं.

मिलिंदने डोळे पुसायला मान वळवली आणि त्याला गाडी दिसली. बाबांचं डोकं एका बाजूला कलंडलं होतं. माकडटोपी काचेला टेकली होती. तोंड किंचित उघडं. ब्लँकेट हलत नव्हतं.

मिलिंद धावला. धक्क्याच्या फळ्यांवर तुषार गोठून काच झाली होती. दुसऱ्या पावलाला तो आपटला, उठला, पुन्हा आपटला, आणि उरलेलं अंतर त्याने गुडघ्यांवर कापलं. मागून अनुप ओरडत होता, "हळू! हळू!", आणि तोही आपटत होता. मिलिंदने गाडीचं दार ओढलं. मेंदूत एकच विचार, आणि तोही पूर्ण करायची हिंमत नव्हती.

"बाबा!"

बाबांनी डोळे उघडले. समोर गुडघ्यांवर बसलेला, मिशीला बर्फ लागलेला, धापा टाकणारा मुलगा. त्याच्या मागे झारा घेतलेला एक इसम.

"भेटला काय मासा?"

"नाही."

"मग काहून धावतं?" बाबा म्हणाले, आणि पुन्हा काचेला डोकं टेकवलं.

मिलिंद दार लावून गाडीला पाठ टेकून खाली बसला.  आता घरी जावं. हे सगळं वेडेपण आहे. नीना दुकानातून दमून येईल, तिला काय सांगायचं, की आम्ही तुझ्या झाऱ्याने तळं तळत होतो? सोमवार येईल तसा येऊ दे. त्याने डिकी उघडली, सामान आवरायला. आत गॅसची छोटी शेगडी, तवा, तेल, रवा, हळद, तिखट, मीठ, सगळं तयारीने आणलेलं, एका माशाशिवाय. आणि नीनाचा डबा. सकाळी तिने हातात कोंबला होता, उघडलाही नव्हता. त्याने झाकण काढलं.

कोळंबीभात.

दोघे डब्याकडे पाहत राहिले. कोळंब्या लालबुंद, मसाल्यात लोळलेल्या, वर खोबरं.

"मासा कोळंबी खातो का?" मिलिंदने विचारलं.

"मासा मासाच खातो," अनुप म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर या ज्ञानाचं दुःख होतं.

परत धक्क्यावर. मिलिंदने डाव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला, कोळंबी उचलली, ती पडली. दुसरी उचलली, तीही फटीतून खाली गेली, बर्फावर जाऊन बसली, लाल, एकटी. बोटं वळत नव्हती. गळ धरला तर कोळंबी सुटायची, कोळंबी धरली तर गळ. तिसरीही पडली. तो नुसता हातांकडे बघत राहिला, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते आणि त्यांनी ऐन वेळी दगा दिला होता.

अनुपने झारा खाली ठेवला. टोपी काढली. का काढली ते त्यालाच माहीत. मग उजवा हातमोजा काढला.

"दे इकडे."

"अनुप, तू..."

"दे म्हटलं ना. बोलू नकोस, मी विचार करत नाहीये आत्ता."

त्याने डब्यात हात घातला. डोळे मिटले. चिमटीत कोळंबी आली तेव्हा त्याच्या अंगावरून एक शहारा गेला तो थंडीचा नव्हता. ओठ हलत होते, बहुधा अथर्वशीर्ष असावं. त्याच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बाहेर राहायचा. डोळे न उघडता, नुसत्या स्पर्शाने, त्याने गळाचं टोक कोळंबीच्या पाठीत रुतवलं, वळवलं, शेपटीतून काढलं. पूल बांधणाऱ्याचे हात ते, काम चोख झालं.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

"आत सोड. मला दाखवू नकोस."

मिलिंदने दोरी सोडली. अनुप हात अंगापासून लांब धरून उभा राहिला, ओल्या रंगात बुडवल्यासारखा. दोघे भोकाकडे बघत होते. साय धरत होती, झारा कुणी उचलला नाही.

दोरी हलली.

"हलली का?"

"हलली."

"वारा असेल."

"वारा पाण्याखाली असतो का रे?"

दोरी ताणली. मिलिंदने ओढली, फार जोरात, व्हिडिओत जे करू नका म्हणून तीनतीनदा बजावलं होतं अगदी तसं, आणि बर्फाच्या चुऱ्यातून एक मासा उडून धक्क्यावर येऊन पडला. वीतभराचा. अंगावर काळे पट्टे, खालचे पर शेंदरी, पाठीवर काट्यांचा पंखा उभारलेला. तो तडफडला, आणि मिलिंदने त्याच्यावर सगळ्या अंगानिशी झेप घातली, गोलकीपरसारखी. काटे तळव्यात घुसले. त्याला ते जाणवलंही नाही. तो हसत होता की रडत, हे अनुपला कळलं नाही, कारण अनुपने पाठ फिरवली होती आणि तो आकाशाकडे बघून म्हणत होता, "माफ कर रे बाबा, दुसऱ्यांसाठी आहे."

पुढचं मिलिंदने भराभर केलं. लहानपणी बाबांच्या शेजारी बसून जे पाहिलं होतं ते हातांनी आपोआप केलं. डिकीत वाऱ्याच्या आडोशाला शेगडी पेटवली, मासा साफ केला, चिरा दिल्या, हळद-तिखट-मीठ चोळलं, रव्यात घोळवला. तव्यावर पडला तेव्हा जो आवाज आला तो त्या सबंध दरीत पहिलाच असावा. वास उठला. मालकीणबाई लांबच्या कुंपणाशी थांबून इकडे पाहताना दिसली. अनुप बर्फाने हात घासत होता, पुन्हा पुन्हा, तरी वास आला तशी त्याचीही मान वळली.

"बाबा, ताजा आहे," मिलिंदने बशी त्यांच्या मांडीवर ठेवली. "आत्ताचा. याच तळ्यातला. गोड्या पाण्याचा."

बाबांनी हातमोजे काढले. बशी जरा जवळ ओढली. मासा एका बाजूने पाहिला, मग बोटाने उलटवून दुसऱ्या बाजूने. पाठीच्या रेषेवर अंगठ्याने दाबलं आणि मांस अलगद सुटं झालं, काटा जागच्या जागी राहिला. किती दिवसांनी त्या बोटांना काहीतरी नेमकं करायला मिळालं होतं. त्यांनी घास उचलला. वाफ येत होती.

मिलिंद गाडीच्या उघड्या दारात वाकला होता. अनुप त्याच्या खांद्यावरून वाकला होता. दोघांचे श्वास थांबले होते, तोंडं किंचित उघडी, डोळे त्या घासावर.

घास ओठांजवळ गेला आणि थांबला.

बाबांनी हात खाली घेतला.

मिलिंद आणखी आत वाकला. "काय झालं बाबा? मीठ जास्त झालं?"

"नाही."

"काटा आहे का?"

"नाही बा."

"मग? खारा लागतोय का? तिखट? बाबा, सांगा ना, काय करू मी?"

बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा अनुपकडे. थोडे संकोचले, पाहुण्यांकडे पाणी मागताना संकोचावं तसे.

"तुम्ही दोघं," ते म्हणाले, "जरा तिकडं तोंड करून उभे राहता काय?"